शिळा ठिपका आणि कोरा नकाशा

प्रति,
माननीय संपादक,

विषय: टॅग लावलेल्या शार्कचे ऑनलाइन नकाशे आणि समुद्रात उतरणाऱ्यांचे गैरसमज

महोदय,

अमुक नावाचा शार्क अमुक किनाऱ्याजवळ पोहोचला, अशी बातमी अधूनमधून जगातल्या कुठल्या तरी किनाऱ्यावरून येतेच. सोबत नकाशा, त्यावर एक ठळक ठिपका, शार्कचे हौसेने ठेवलेले नाव, वजन आणि लांबी. ठिपका किती वाजताचा आहे, तो किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो आणि टॅग, म्हणजे शार्कला लावलेले माग काढण्याचे उपकरण, कोणत्या प्रकारचा आहे, हे तीन तपशील मात्र बहुतेक बातम्यांतून गळालेले असतात. पोहणाऱ्या, सर्फिंग करणाऱ्या किंवा डायव्हिंगला जाणाऱ्या माणसाच्या उपयोगाचे असतात ते हेच तीन. ते नसतील तर वाचकाच्या हाती फक्त एक रंगीत चित्र येते. त्या चित्राला भिऊन कोणी पाण्यात उतरत नाही, तर कोणी त्याच्या भरवशावर बिनधास्त उतरतो. दोघेही सारखेच फसलेले असतात. हे पत्र आहे ते या नकाशांचे वाचन कसे करावे, एवढ्यासाठीच.

सर्वांना माहीत असलेला नकाशा ‘ओसर्च’ या अमेरिकी संस्थेचा. या नकाशावर दिसणारे शार्क उपग्रह-टॅगचे असतात. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, राळेत बंद केलेले हे उपकरण शार्कच्या पाठीवरच्या उभ्या पराला वरच्या टोकाजवळ बोल्टने बसवतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. शार्क पाण्याखाली असेपर्यंत टॅग मुका असतो, आणि मोबाइलमधल्यासारखे जीपीएसही तिथे कामाचे नाही. टॅगवर ओले-कोरडे ओळखणारा एक संवेदक असतो. पर पाण्याबाहेर आला, संवेदक कोरडा झाला, की टॅग ४०१.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक छोटा संदेश सोडतो. तो ऐकण्यासाठी त्याच वेळी ‘आर्गोस’ यंत्रणेचा उपग्रह डोक्यावरच्या आकाशात असावा लागतो. ही यंत्रणा १९७८ पासून चालू आहे. तिचे जुने उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून ध्रुवांकडे फिरतात आणि एका जागेवरून सरासरी दहाएक मिनिटे दिसतात. ध्रुवांजवळ ते वारंवार येतात, विषुववृत्ताजवळ कमी वेळा. त्यामुळे उष्ण समुद्रातल्या शार्कचे ठिपके मुळातच विरळ पडतात.

ठिकाण कसे काढतात हेही समजून घेण्यासारखे आहे. टॅग स्वतःचे ठिकाण सांगत नाही, ते उपग्रहाच्या बाजूने काढले जाते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की सूर उतरतो. तसेच सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला टॅगच्या लहरींची वारंवारिता बदलत जाताना दिसते. तो बदल मोजून टॅग कुठे आहे याचे गणित मांडतात. गणिताला चुकीचा अंदाज जोडायचा तर एकाच फेरीत किमान चार संदेश मिळावे लागतात. तेवढे मिळाले तर ठिकाणाला ३, २, १ किंवा ० असा दर्जा मिळतो. दर्जा ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे ५०० मीटरपर्यंत, १ म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत आणि ० म्हणजे दीड किलोमीटरच्या पुढे कितीही. तीनच संदेश मिळाले तर दर्जा ‘ए’, एक-दोनच मिळाले तर ‘बी’. या दोन्हींत चुकीला ठरावीक मर्यादा दिलेली नसते. ‘झेड’ म्हणजे टॅग बोलला खरा, पण ठिकाण निघाले नाही.

पांढऱ्या शार्कचा पर पाण्याबाहेर राहतो तो बहुधा काही सेकंद. तेवढ्यात चार संदेश जाणे ही चैन झाली. म्हणून नकाशावरच्या ठिपक्यांत ‘बी’ दर्जाचे ठिपके पुष्कळ असतात. शिवाय या गणिताला नेहमी दोन उत्तरे येतात, उपग्रहाच्या वाटेच्या डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला त्याचे प्रतिबिंब. संगणक त्यातले शक्यतेला धरून असलेले निवडतो, पण संदेश कमी असले की कधीकधी चुकीचे उचलतो. शार्क जमिनीवर आलेला दिसतो तो अशाच चुकांमुळे. लोक त्यावर विनोद करतात. जमिनीवरचा ठिपका चुकीचा आहे हे निदान कळते तरी. तितकीच चूक असलेला ठिपका पाण्यात पडला तर तो खराच वाटतो.

दोन ठिपक्यांमधली रेघ हा आणखी एक मामला. जानेवारी २०२२ मध्ये ‘ब्रेटन’ नावाच्या पांढऱ्या शार्कच्या ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघांतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर शार्कचीच आकृती उमटली आणि ते चित्र जगभर फिरले. शार्कने स्वतःचे चित्र काढले म्हणून लोक हरखले. प्रत्यक्षात शार्क त्या रेघांवरून गेलाच नव्हता. तो दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठे होता हे कोणालाच ठाऊक नसते. रेघ संगणकाने पट्टी लावून ओढलेली असते. मधल्या आठ दिवसांत शार्क दोनशे किलोमीटर आत जाऊन परत आला असला तरी रेघ सरळच दिसणार. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून रेघ गेली म्हणून घाबरायचे कारण नाही, आणि रेघ लांबून गेली म्हणून निश्चिंत व्हायचेही नाही.

टॅग गप्प होण्याची कारणेही साधी आहेत. संवेदकावर शेवाळ आणि बार्नॅकल हे चिकटून राहणारे कवचधारी जीव चढले की टॅगला आपण कायम ओलेच आहोत असे वाटते आणि तो संदेश सोडणेच बंद करतो. अँटेना मोडते. बोल्ट गंजून टॅग गळतो, आणि तो कधी तरी गळावा अशीच पुष्कळदा योजना असते. बॅटरी फार तर पाचएक वर्षे पुरते, तीही दिवसाला ठरावीकच संदेश सोडायचे बंधन घातले तर. ‘मेरी ली’ या मादीला सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडजवळ टॅग लावला होता. तिचा शेवटचा पिंग, म्हणजे टॅगचा संदेश, जून २०१७ मधला. ती मेली असा याचा अर्थ नाही. जिवंत आहे असाही नाही. टॅग बोलायचा थांबला, एवढेच खात्रीने म्हणता येते. आणि नकाशावर कालमर्यादेची चाळणी लावली नाही तर असा कित्येक वर्षांपूर्वीचा ठिपका आजच्या ठिपक्याशेजारी त्याच रंगात बसलेला दिसू शकतो.

शार्कच्या जातीप्रमाणेही फरक पडतो. टायगर शार्क, ब्लू शार्क, माको हे पृष्ठभागावर बऱ्याचदा येतात, म्हणून त्यांचे ठिपके दाट पडतात. बुल शार्क नदीच्या मुखाशी, गढूळ आणि उथळ पाण्यात, माणसांच्या सर्वांत जवळ वावरतो, पण पर बाहेर काढून फिरणे हा त्याचा स्वभाव नाही. उपग्रहाच्या नकाशावर तो जवळपास नसल्यासारखाच. ज्याची माहिती पोहणाऱ्याला सर्वांत जास्त हवी, तोच नकाशावर सर्वांत कमी दिसतो.

दुसरा प्रकार सुटून वर येणाऱ्या टॅगचा. तो शार्कच्या पाठीच्या स्नायूत बारीक भाल्याने खोचतात. खोली, तापमान आणि उजेड यांची नोंद तो महिनोन्महिने साठवतो. ठरलेल्या दिवशी धातूच्या पिनेतून वीज सोडली जाते, पिन खाऱ्या पाण्यात झिजून तुटते, टॅग तरंगत वर येतो आणि साठवलेल्या नोंदींचा गोषवारा उपग्रहाला पाठवतो. मार्ग काढतात तो उजेडावरून: मध्यान्ह किती वाजता झाली त्यावरून रेखांश, दिवस किती मोठा होता त्यावरून अक्षांश. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास सगळीकडे दिवस-रात्र सारखे असल्याने अक्षांशाचे गणित कोलमडते, आणि एरवीही चूक शंभर किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘निकोल’ या पांढऱ्या मादीला असा टॅग लावला होता. ९९ दिवसांनी तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यासमोर वर आला. सुमारे ११,००० किलोमीटरचा प्रवास. पुढे ऑगस्ट २००४ मध्ये ती पुन्हा दक्षिण आफ्रिकेत दिसली, परावरच्या खुणांवरून ओळखली गेली. शास्त्राच्या दृष्टीने हा टॅग अनमोल आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो काडीचाही इशारा देत नाही, कारण त्याची माहिती येते तेव्हा शार्क दुसऱ्या महासागरात असू शकतो.

इशारा द्यायला लायक असा प्रकार एकच, आवाजाच्या टॅगचा. हा शार्कच्या शरीरात किंवा पाठीजवळ बसवतात. तो साधारण मिनिट-दोन मिनिटांनी ६९ किलोहर्ट्झवर स्वतःचा सांकेतिक क्रमांक टिकटिकतो. शार्कला हा आवाज ऐकू येत नाही, त्याचे कान फार खालच्या सुरांचे. सील या समुद्री सस्तन प्राण्यांना मात्र येतो. स्कॉटलंडमधल्या प्रयोगात करड्या सीलनी असे टॅग लावलेले मासे आवाजावरून हुडकून खायला शिकून घेतले, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. संशोधकांनी माशाच्या गळ्यात जेवणाची घंटा बांधली म्हणायची! बॅटरी दहा वर्षांपर्यंत चालते. पाण्यात नांगरलेले ग्राहकयंत्र तो क्रमांक ऐकते. काही यंत्रे नुसती नोंद ठेवतात आणि पाणबुड्याने वर काढल्यावरच बोलतात. तरंगत्या बोयाला जोडलेली यंत्रे काही मिनिटांत उपग्रहामार्फत बातमी देतात. पश्चिम ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रेलियातलेच न्यू साउथ वेल्स आणि अमेरिकेतले केप कॉड इथल्या ॲपवर येणारे इशारे या बोयाला जोडलेल्या यंत्रांचे. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१३ च्या अखेरीस तीनशेहून अधिक टॅगधारी शार्कच्या नोंदी आपोआप ट्विटरवर टाकायला सुरुवात झाली, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला होता.

या यंत्राचा कान चारशे-पाचशे मीटरपलीकडे पोहोचत नाही, तोही समुद्र शांत असताना. लाटा फुटून पाण्यात बुडबुडे मिसळले, बोटींची इंजिने चालू असली, खडकांत टचटच आवाज करणाऱ्या कोळंब्या असल्या, वरचे पाणी गरम आणि खालचे थंड असा थर पडला, की हा पल्ला निम्म्याहून खाली येतो. दोन टॅग एकदम बोलले तर क्रमांक एकमेकांत मिसळतात आणि अस्तित्वातच नसलेला तिसरा शार्क नोंदला जाऊ शकतो, म्हणून दोन टिकटिकींमधले अंतर मुद्दाम अनियमित ठेवतात. आता हिशेब करा. सेकंदाला एक मीटर वेगाने पोहणारा शार्क ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या बरोबर मधून गेला तर तो साधारण सतरा मिनिटे यंत्राच्या कानावर राहतो, आठ-दहा टिकटिकी सहज सापडतात. तोच वर्तुळाच्या कडेने दोनशे मीटर चाटून गेला तर तीन-सव्वातीन मिनिटे, म्हणजे एखाद-दुसरी टिकटिक. तीही एखाद्या स्पीडबोटीच्या आवाजात बुडाली तर तो आलाच नाही असे होते. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर अशी ३७ केंद्रे आहेत. प्रत्येकाची रुंदी एक किलोमीटर धरली तर ३७ किलोमीटर झाले. किनारा हजार किलोमीटरहून लांब आहे.

या सगळ्यावर ताण म्हणजे टॅग नसलेले शार्क. केप कॉडच्या पाण्यात २०१५ ते २०१८ या चार हंगामांत सुमारे ८०० वेगवेगळे पांढरे शार्क येऊन गेले असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. अनिश्चिततेची मर्यादाही त्यात दिली होती आणि ती बरीच रुंद आहे. जगात सर्वांत बारकाईने पाहिल्या जाणाऱ्या शार्कवस्त्यांपैकी ही एक, तरीही तिथल्या प्रत्येक शार्कला टॅग नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथेच, वेलफ्लीटच्या किनाऱ्यावर, शार्कच्या चाव्याने माणूस दगावला. टॅगचा कार्यक्रम त्याआधी अनेक वर्षे चालू होता.

आता नकाशा किंवा ॲप हातात असेल तर काय करावे. आधी ठिपक्यावर बोट ठेवून शेवटच्या पिंगची तारीख आणि वेळ उघडावी. वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. ती स्थानिक वेळेत बदलून घ्यावी. पहाटे दोनचा म्हणून सोडून दिलेला पिंग सिडनीत भर दुपारी बाराचा असतो, आणि ही चूक करणारे लोक पुष्कळ आहेत. मग टॅगचा प्रकार पाहावा. उपग्रहाचा असेल आणि दर्जा दिलेला नसेल तर चूक निदान पाच-दहा किलोमीटर धरावी. त्यानंतर ठिपक्याच्या वयाचा हिशेब. निकोलचा सरासरी वेग ताशी ४.७ किलोमीटर होता, दिवसाला ११२. म्हणजे तीन तासांपूर्वीच्या ठिपक्याभोवती चौदा-पंधरा किलोमीटरचे, बारा तासांपूर्वीच्या भोवती पंचावन्न-साठ किलोमीटरचे वर्तुळ काढावे आणि शार्क त्यात कुठेही असू शकतो असे समजावे. चोवीस तास उलटले की वर्तुळ एवढे मोठे होते की ठिपक्याला अर्थ राहत नाही. तो पाहून किनारा बंद करणे म्हणजे साप गेल्यावर भुई थोपटणे. उलट आवाजाच्या टॅगचा तासाभरातला इशारा आपल्याच किनाऱ्याचा असेल तर वाद न घालता पाण्याबाहेर यावे. तो बहुधा खरा असतो, जवळचा असतो, आणि पुन्हा पाण्यात कधी उतरायचे हे तिथल्या जीवरक्षकाने ठरवायचे असते, मोबाइलने नव्हे.

इशाऱ्यांच्या ॲपमध्ये आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट असते आणि ती जवळजवळ कोणी पाहत नाही. ती म्हणजे त्या किनाऱ्यावरचे यंत्र चालू आहे का. वादळात बोया सरकतो, दुरुस्तीला काढतात, थंड प्रदेशांत हिवाळ्यात उचलूनच नेतात. तेव्हा ॲपवर इशारा नसतो, आणि यंत्र नसल्यामुळे तो असणारही नसतो. कोऱ्या नकाशाचे तीन अर्थ निघतात. शार्क नाही, शार्क आहे पण टॅग नाही, किंवा टॅग आहे पण ऐकणारे कोणी नाही. पाहणारा दर वेळी पहिलाच अर्थ घेतो.

या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनची पद्धत ॲपपेक्षा शहाणी आहे. तिथे २००४ पासून ‘शार्क स्पॉटर्स’ डोंगरउतारावर बसून ध्रुवीकृत चष्म्यांतून आणि दुर्बिणीतून पाण्यावर नजर ठेवतात. किनाऱ्यावर चार झेंडे. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसते आहे आणि शार्क दिसलेला नाही. लाल म्हणजे धोका वाढलेला आहे. पांढऱ्यावर काळा शार्क म्हणजे शार्क दिसला आहे, भोंगा वाजतो, बाहेर या. चौथा झेंडा काळा. त्याचा अर्थ, पाणी नीट दिसत नाही, शार्क आहे की नाही हे आम्हाला सांगता येत नाही. ‘आम्हाला दिसत नाही’ हे सांगायला वेगळा झेंडा ठेवला, यातच त्या माणसांचे मोठेपण आहे. शार्क-नकाशांवर असा काळा झेंडा सहसा ठळकपणे दिसत नाही. यंत्र बंद असेल, चोवीस तासांत त्याची हजेरी लागली नसेल, तर तो पट्टा करडा दाखवणे हे तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ काम आहे. ते सगळीकडे व्हायला हवे.

उलट बाजूही सांगायला हवी, नाही तर हे पत्र वाचून कोणी पाण्याकडे पाठच फिरवेल. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्यांवर २०१९ ते २०२१ या काळात ड्रोन उडवून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे तरुण पांढरे शार्क जमतात अशा दोन ठिकाणी, पाहणी झालेल्या दिवसांपैकी ९७ टक्के दिवशी माणसे आणि शार्क एकाच पाण्यात होते. बहुतेकांना शेजारी शार्क आहे याची कल्पनाही नव्हती आणि चाव्यांचे सत्रही सुरू झाले नव्हते. फ्लोरिडातल्या संग्रहालयाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत न डिवचता झालेले चावे २०२३ मध्ये जगभरात ६९ होते आणि २०२४ मध्ये ४७. किनाऱ्याजवळ ठिपका दिसला याचा अर्थ एवढाच, की आजवर न दिसणारी गोष्ट आता दिसू लागली. शार्क तेव्हाही तिथेच होते.

म्हणून ॲप असो वा नसो, जे पाळायचे ते पाळावेच. पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री पाण्यात उतरू नये. मोठ्या पावसानंतर नदीच्या तोंडाशी आणि गढूळ पाण्यात जाऊ नये, बुल शार्कची ती जागा. पक्षी सूर मारत असतील, लहान मासे उसळत असतील, सील असतील किंवा कोणी गळ टाकून बसले असेल, माशांची घाण पाण्यात सोडत असेल, तर तिथून दूर राहावे. एकटे लांब जाऊ नये. चकाकणारे दागिने काढून ठेवावेत. शार्क दिसलाच तर त्याच्याकडे पाठ न करता, पाणी न आपटता, नजर ठेवत मागे सरकावे. चावा झाला तर मृत्यू येतो तो रक्तस्रावाने, आणि तो मिनिटांत येतो. जखमीला पाण्याबाहेर घेताच तिथेच दाब द्यावा, गाडीपर्यंत थांबू नये. जखमेवर कापड दाबून धरावे. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या पाचसात सेंटिमीटर वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टा लहान काठी घालून पिळून घट्ट आवळावा, वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नये. पायाच्या जखमेसाठी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी सोपा उपाय तपासला. जखमीला उताणे झोपवून जखमी पायाच्या बाजूच्या जांघेच्या, म्हणजे मांडी आणि पोट मिळतात त्या घडीच्या, मध्यावर मूठ ठेवायची आणि शरीराचा सगळा भार टाकायचा. सर्फबोर्डची दोरी बांधण्यापेक्षा या दाबाने रक्तप्रवाह जास्त चांगला थांबला. दोरी बारीक आणि ताणली जाणारी असते, ती पुरेशी आवळतच नाही.

ठिपके उघड्यावर टाकण्याचा त्रास शार्कलाही होतो, हे ओझरते तरी सांगायला हवे. ताजे आणि अचूक ठिकाण जसे पोहणाऱ्याला कळते तसे ते शिकाऱ्यालाही कळते. मध्य प्रदेशातल्या पन्ना इथल्या वाघाच्या टॅग असलेल्या गळपट्ट्याची माहिती ज्या ईमेल खात्यात येत होती, ते उघडण्याचा प्रयत्न २०१३ मध्ये झाला होता. या धोक्यांची चर्चा करणारा संशोधकांचा लेख २०१७ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यामुळे काही गट ठिकाण मुद्दाम उशिरा किंवा ढोबळ करून प्रसिद्ध करतात. ते योग्यच आहे. पण तसे केले आहे हे नकाशावर लिहिलेले असावे, नाही तर वाचक कालच्या जागेला आजची जागा समजतो.

वृत्तपत्रांकडून अपेक्षा फार मोठी नाही. अशी बातमी छापताना नकाशाखाली एक ओळ द्यावी: टॅग उपग्रहाचा की आवाजाचा, पिंग कोणत्या तारखेचा आणि स्थानिक वेळेनुसार किती वाजताचा, ठिकाणाचा दर्जा काय आणि किनाऱ्यापासूनचे अंतर किती. ही माहिती संबंधित संस्थेला विचारली तर बहुतेक वेळा मिळते. दर्जा ‘बी’ असेल तर शार्क किनाऱ्याजवळ आहे असे न लिहिता, किनाऱ्यासमोरच्या समुद्रात कुठे तरी त्याची नोंद झाली, असे लिहावे. आणि ठिपक्यांना जोडणारी रेघ छापायचीच असेल तर ती तुटक छापावी.

आपला,
एक वाचक